मशेरी लावणारी आई आणि पोटातले बाळ



गेल्या वर्षी भात पोटरीला आले होते, तेव्हाची गोष्ट. खांडसच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई सासूबरोबर माझ्या दवाखान्यात आली. सहावा महिना चालू होता, खेप तिसरी. पहिली मुलगी ठीक होती. दुसरा मुलगा मात्र महिनाभर आधीच झालेला, आणि वजन पावणेदोन किलो. तो वाचला, पण अजून अंगाने भरलेला नाही. या खेपेला बाईचे हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांपासून चालू होत्या. गोळ्या खरेच पोटात जातात की फडताळात राहतात, असे मी विचारले, तर सासूबाईंनीच साक्ष दिली, "रोज रात्री मी सोता हातावर देते." जंतांचे औषध झालेले होते. ताप नव्हता, कावीळ नव्हती.

मग मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, "तंबाखू-बिंबाखू खाता का?"

दोघींनी एकदम माना हलवल्या. "नाय हो डॉक्टर, आमच्या घरात बायका नाय खात तंबाखू."

मी कार्डावर 'व्यसन नाही' असे लिहून मोकळा झालो. आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताई तिचे वजन करत होत्या. त्यांनी सहज विचारले, "मशेरी किती वेळा लावतेस गं?"

"पाच-सा वेळा. सकाळी उठल्यावर, भाकऱ्या झाल्यावर, दुपारी, मग दिवेलागणीला, निजताना."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी तंबाखूचं इचारलं. मशेरीचं कुठं इचारलं?"

मी लिहिलेले खोडले. तीस वर्षे मी या तालुक्यात गरोदर बायकांना तपासतो आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे मी हाच चुकीचा प्रश्न विचारत होतो. किती कार्डांवर 'व्यसन नाही' असे लिहिले असेल याचा हिशोब करायला मन धजत नाही. दोष त्या बाईचा नाही. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुष तळहातावर चुना लावून मळतात ती. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू, मीठ-कोळशाच्या जातीची. माहेरी आईने लावली, सासरी सासूने लावली. त्यात व्यसन कसले?

तेव्हा आजचा लेख मशेरीवर आणि तोही फक्त गरोदरपणापुरता. तोंडाच्या कर्करोगाबद्दल या सदरात पूर्वी लिहिले आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

मशेरी कशी होते हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण नव्या पिढीतल्या काहींनी पाहिलेले नसेल. तंबाखूचे वाळलेले पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजतात, मग चुरून, कुटून त्याची पूड करतात. ज्या घरात मशेरी भाजली जाते, त्याच्या शेजारची चार घरे खोकत असतात. गंमत अशी, की ज्या धुराने शेजारी हैराण होतात त्याच धुरात तव्यापुढे बसलेली बाई कधीकधी स्वतःच पोटुशी असते. भाजल्याने तंबाखूतला विखार जातो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भाजून निकोटीन नाहीसे होत नाही. उलट पान करपल्यामुळे त्यात काही नवी घातक द्रव्ये तयार होतात, डांबराच्या जातीची. म्हणजे कच्च्या तंबाखूचे दोष कायम राहिले आणि वर करपण्याचे दोष आले.

दुसरा समज असा, की मशेरी आपण गिळत नाही, थुंकून टाकतो, मग ती पोटात जाईलच कशी? इथे शरीराची एक रचना समजून घेतली पाहिजे. हिरड्या आणि गालाची आतली बाजू यांची त्वचा फार पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला आपण जिभेखाली गोळी ठेवायला देतो, ती गिळायला का सांगत नाही? कारण तोंडातून औषध थेट रक्तात जाते. मशेरीही त्याच वाटेने जाते. हिरडीवर दहा मिनिटे बोट फिरवले, की निकोटीन रक्तात उतरते आणि बराच वेळ तिथे टिकून राहते. विडीचा झुरका झरकन चढतो आणि झरकन उतरतो, तोंडातल्या तंबाखूचे तसे नाही, ती सावकाश चढते आणि रेंगाळते. दिवसातून पाच वेळा मशेरी लावणाऱ्या बाईच्या रक्तात ते दिवसभर असतेच, असे म्हणायला हरकत नाही.

आता बाळाकडे येऊ. बाळ पोटात खाते-पिते ते वारेतून. आईचे रक्त गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून वारेपर्यंत येते. तिथे अन्नरस आणि प्राणवायू बाळाच्या रक्तात उतरतो आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. निकोटीनचा गुण असा, की ते रक्तवाहिन्या आकसवते. दर वेळी मशेरी लावली, की ही पाटाची वाट काही काळ अरुंद होते. आपल्याकडे भात लावणारे हे लगेच समजतील. राबातल्या रोपाला पाणी कमी पडले, तर रोप मरत नाही, पण पिवळे आणि बुटके राहते. पुढे लावणीनंतर खत कितीही घाला, ती कसर पूर्ण भरून येत नाही.

शिवाय निकोटीन स्वतःही वार ओलांडून पलीकडे जाते. वार म्हणजे चाळणी आहे, भिंत नव्हे. बाळाच्या रक्तातले निकोटीनचे प्रमाण आईच्या रक्तातल्याइतकेच असते, कधी त्याहून थोडे जास्तही. आईला पाच-सहा वर्षांच्या सवयीने त्याचे काही वाटत नाही. पण ज्याचे एकूण वजनच एक किलो आहे, त्याच्या हृदयाला आणि घडत असलेल्या मेंदूला ती मात्रा किती होत असेल, याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकातले झाले, प्रत्यक्षात काय दिसते? प्रत्यक्षातलेच सांगतो, आणि तेही आपल्यापासून दोन तासांच्या लोकलवरचे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. त्याचा अहवाल २००४ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. या बायकांपैकी १७ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या होत्या आणि त्यात बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्याच. त्यांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. त्याच बायकांच्या माहितीवरून २००६ साली आणखी एक निष्कर्ष आला आणि तो जास्त गंभीर आहे. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक होते. त्याहीपूर्वी, १९७८ साली, मुंबईतल्याच एका पाहणीत तंबाखू खाणाऱ्या आयांची बाळे शंभर ते दोनशे ग्रॅमने हलकी आढळली होती. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना माहीत होऊन पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्याकडून ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली नाही, हे आमचे अपयश.

शंभर ग्रॅम म्हणजे किती? दोन अंड्यांइतके. ऐकायला काहीच वाटत नाही. पण सरासरी ही फसवी गोष्ट असते. तीन किलोच्या बाळाचे शंभर ग्रॅम गेले, तर त्याला फरक पडत नाही. आपल्याकडे कितीतरी बायका स्वतःच चाळीस किलोच्या असतात, रक्त आठ-नऊ असते आणि लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून चिखलात उभ्या राहतात. त्यांची बाळे आधीच अडीच किलोच्या उंबरठ्यावर असतात. त्या बाळांचे शंभर ग्रॅम गेले, की ती उंबरठ्याच्या खाली जातात. अडीच किलोच्या आतले बाळ लवकर गार पडते, अंगावर नीट ओढत नाही, त्याच्या रक्तातली साखर उतरते, जंतुसंसर्ग चटकन होतो. पावसाळ्यात रात्री दोन वाजता वाडीवरून असे बाळ खाली आणायचे म्हणजे काय, ते ज्यांनी आणले त्यांनाच माहीत.

इथे एका जुन्या समजुतीचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती मी अजूनही ऐकतो आणि ती सांगणाऱ्या बहुधा अनुभवी आजीबाई असतात. "बाळ लहान असलं तर सुटका सोपी होते, डॉक्टर. मोठं झालं तर अडतं." म्हणून मुद्दाम कमी खायला घालणारीही घरे आहेत. त्यांना माझे सांगणे असे, की बाळंतपणात अडते ते मुख्यतः डोके, आणि कुपोषित बाळाचे अंग वाळते तेवढे डोके लहान होत नाही. म्हणजे सुटकेचा त्रास फारसा कमी होत नाही आणि हाती येते ते मात्र अशक्त बाळ. शिवाय ज्या बाळाला वारेतून आधीच कमी मिळत होते, ते कळांचा ताण सोसताना लवकर गुदमरते.

आता त्या हिमोग्लोबिनचे. मुंबईच्या त्या पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये रक्तक्षयही जास्त दिसला होता. माझ्या पाहण्यात त्याचे एक कारण अगदी साधे आहे. निकोटीनने भूक मरते. पहाटे उठल्यावर मशेरी, त्यावर कोरा चहा, मग पाणी भरणे, भाकऱ्या, गुरे. बाईच्या पोटात अन्नाचा पहिला घास जातो तो अकरा वाजता. मशेरी नसती तर आठ वाजताच भुकेने जीव कासावीस झाला असता आणि तिने अर्धी भाकरी तरी खाल्लीच असती. बायका स्वतःच हे गुण म्हणून सांगतात, "मशेरी लावली की काम व्हतंय, भूक लागत नाय." बाईमाणूस उपाशी राहून काम करते ही घराला सोयीची गोष्ट, म्हणून तिच्या मशेरीला घरात कोणी हरकत घेत नाही, असा मला कधीकधी संशय येतो. जाता जाता हेही सांगतो, की लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी.

"आमच्या सासूने मशेरी लावून सात पोरं काढली, सगळी धडधाकट" हे उत्तरही नेहमीचे. त्यावर मी विचारतो, "सात जगली. झाली किती?" बहुतेक वेळा थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग आकडा येतो, नऊ किंवा दहा. ती दोन-तीन मुले मशेरीनेच गेली असे मी म्हणणार नाही. त्या काळी धनुर्वाताने, गोवराने, जुलाबाने मुले जात. पण जी गेली ती मोजायची नाहीत आणि जगलेल्यांवरून मशेरी निर्दोष ठरवायची, हा हिशोब बरोबर नाही. आणि 'आपली पूर्वापार चाल' म्हणाल, तर तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, ज्यांचा किल्ला आपल्याच जिल्ह्यात रेवदंड्याला आहे. शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या लहानपणी इथे कोणी मशेरी लावत नव्हते.

मशेरीबद्दल लिहिणार असे ठरवले होते, तेवढ्यात खोपोलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांची मुलगी कॅनडात असते. तिथे २०१८ पासून गांजा कायद्याने दुकानात मिळतो. मुलीला दिवस गेले आहेत, उलट्यांनी हैराण आहे आणि तिच्या एका मैत्रिणीने सांगितले, की थोडा गांजा घेतला तर मळमळ थांबते, वनस्पतीच आहे, औषधापेक्षा बरी. आईने विचारले आहे, हे खरे का?

पत्र वाचून मला वाटले, खांडसच्या वाडीवर आणि कॅनडात एकच गोष्ट बोलली जाते आहे. 'झाडपाल्याचे आहे, त्याने काय होते.' अहो, अफूही झाडाचीच आणि धोतराही झाडाचाच.

गांजातले नशा आणणारे द्रव्यही वार ओलांडून बाळापर्यंत जाते. ते चरबीत विरघळते, म्हणून अंगात रेंगाळते. एकदा घेतलेले दुसऱ्या दिवशी गेले असे होत नाही, नेहमी घेणाऱ्यांच्या अंगात ते कित्येक दिवस, आठवडेही सापडते. मेंदूत स्निग्ध पदार्थाचे प्रमाण बरेच असते आणि बाळाचा मेंदू त्याच काळात घडत असतो. गांजा घेणाऱ्या आयांची बाळे हलकी असणे, दिवस भरण्याआधी होणे आणि जन्मल्यावर त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागणे, हे इतरांपेक्षा जास्त आढळले आहे. मुले मोठी झाल्यावर त्यांच्या लक्ष देण्यावर, शिकण्यावर परिणाम होतो का, याचा अभ्यास चालू आहे आणि जे दिसते आहे ते निश्चिंत व्हावे असे नाही. गांजा ओढला तर धूर आणि त्यातला विषारी वायू आलाच, चिलमीत तंबाखू मिसळली तर निकोटीनही आले. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी गांजा घेऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

मग मैत्रिणीला हा सल्ला मिळाला कुठे? बहुधा दुकानात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, जिथे गांजाची दुकाने उघड आहेत, तिथे काही संशोधकांनी ४०० दुकानांना फोन केला आणि 'मला आठवा आठवडा आहे, मळमळते आहे' असे सांगितले. जवळजवळ ७० टक्के दुकानांनी गांजाचा माल सुचवला. हा अहवाल २०१८ सालचा आहे. दुकानदार तो दुकानदार, तो विकणारच. आपल्याकडचा वाणी मशेरीची तंबाखू देताना बाईला कितवा महिना आहे हे विचारतो का?

आणखी एक विचित्र गोष्ट. जे लोक दीर्घकाळ नेमाने गांजा घेतात, त्यांच्यापैकी काहींना त्यानेच उलट्या सुरू होतात. गरोदर बाईला ते कळत नाही, ती आणखी घेते. तेव्हा त्या भगिनींना माझे उत्तर असे: मुलीला सांगा, अंथरुणातून उठण्यापूर्वी कोरडी पोळी किंवा साधे बिस्किट खा, एकदम पोटभर न खाता दोन-दोन तासांनी थोडे खा, आल्याचा तुकडा चोख आणि डॉक्टरला भेट. गरोदरपणातल्या उलट्यांवर ब-६ जीवनसत्त्व आणि त्यासोबत देण्याची, अनेक वर्षे वापरात असलेली गोळी तिथेही मिळते, इथेही मिळते. लघवी कमी होऊ लागली, पाणीही टिकेना, वजन उतरू लागले, तर घरी थांबू नये. आणि आपल्याकडे होळीला, महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून भांगेचा पेला पुढे येतो, त्यालाही हाच नियम. देव रागावत नाही.

असो. गांजा ओढणारी गरोदर बाई मला कर्जत-खालापुरात क्वचितच भेटेल. मशेरी लावणारी मात्र आज ओपीडीत भेटली, उद्याही भेटेल. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी केली, पुढे राज्यात २०१२ मध्ये गुटखाही बंद झाला. पण चुलीवरच्या तव्याला कोणता कायदा लागू करणार? ते काम घरातच व्हायला हवे.

सोडायची कशी, हे विचारणाऱ्या बायकांना मी काय सांगतो ते लिहितो. पहिली अडचण त्या सांगतात ती लाजत-लाजत, "मशेरी लावल्याशिवाय परसाकडे साफ होत नाही." हे खोटे नाही. निकोटीनने आतडी हलतात आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती त्याच्यावर विसंबतात. शिवाय गरोदरपणात आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतेच. म्हणून मशेरी बंद करायच्या आधी चार दिवस याची तजवीज करावी. पहाटे दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, नाचणीची भाकरी, रात्री भिजवलेल्या मनुका. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टर इसबगोल किंवा गरोदरपणात चालणारे पातळ औषध देतील. एरंडेल घेऊ नये.

दुसरी अडचण दातदुखीची. कितीतरी जणींची मशेरी सुरूच झाली ती दाढ दुखत होती म्हणून. मशेरीने हिरडी बधिर होते, दुखणे कळत नाही आणि किडलेली दाढ आत किडतच राहते. तर ती दाढ दाखवावी. गरोदरपणात दातांचा इलाज करता येत नाही हा गैरसमज आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात तो अगदी सुखाने करता येतो. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तोवर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

तिसरी अडचण तलफेची. गरोदरपणात शरीर निकोटीन लवकर बाहेर टाकते, त्यामुळे तलफ एरवीपेक्षा लवकर येते. 'या दिवसांत मला जास्तच लागते' असे बायका म्हणतात ते यामुळे. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. पंधरवड्यात हे निवते. एक तलफ पाच-दहा मिनिटेच टिकते, तेवढा वेळ बडीशेप, ओवा, लवंग, खोबऱ्याचा तुकडा तोंडात ठेवावा. सुपारी ठेवू नये, तीही निर्दोष नाही. ज्यांना एकदम सोडणे जमत नाही, त्यांनी पाचाचे तीन, तीनाचे एक असे करत पंधरा दिवसांत शून्यावर यावे. तारीख मात्र ठरवावी. 'हळूहळू सोडीन' म्हणणाऱ्या बायका बाळंत होतात, तरी ते हळूहळू संपलेले नसते. निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, त्या गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आणि सासूबाईंनी? घरात डबी समोर असताना सुनेने सोडावी, हे शक्य नाही. सासूनेही सोडली तर उत्तमच, पण निदान डबी सुनेच्या नजरेआड ठेवावी, आणि मशेरी भाजायचे काम तिला देऊ नये. नवरेमंडळींनी विडी घराबाहेर ओढावी. बायकोला उपदेश करताना स्वतःच्या खिशातली पुडी तेवढी आधी काढून ठेवावी.

पाचव्या-सातव्या महिन्यात सोडून आता काय उपयोग, असेही विचारतात. उपयोग आहे. बाळाचे वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते. बाळंतपणानंतरही पुन्हा सुरू करू नये, कारण निकोटीन दुधात उतरते आणि दुधातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त असते. मात्र याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. आई मशेरी लावते म्हणून बाळाचे अंगावरचे दूध तोडायचे नाही. बाटलीने जे जुलाब लागतात ते जास्त घातक. नाहीच सुटली, तर पाजून झाल्यावर लावावी, पाजण्यापूर्वी नव्हे, आणि बोट धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये.

त्या खांडसकडच्या बाईचे पुढे काय झाले? तिने पूर्ण सोडली नाही. पाच-सहाची एकवर आणली, आठव्या महिन्यात तीही बंद केली असे ती म्हणते, आणि सासूबाई या वेळी साक्ष द्यायला जरा कचरल्या. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेले. दिवस भरून मुलगी झाली, दोन किलो सहाशे. हे मशेरी कमी केल्यानेच झाले, असा दावा मी करणार नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, आणि तिने या खेपेला सकाळी आठ वाजता भाकरी खायलाही सुरुवात केली होती.

माझा प्रश्न मात्र आता बदलला आहे. 'तंबाखू खाता का' असे मी विचारत नाही. 'सकाळी दात कशाने घासता, आणि दिवसातून किती वेळा?' असे विचारतो. आमच्या भागातल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांनीही घरी गेल्यावर असेच विचारावे आणि उत्तर माता-बाल कार्डावर लिहून ठेवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, १८००-११-२३५६. त्यावर मशेरीचे सांगायला लाजू नये.

ज्या भगिनींनी गरोदरपणात मशेरी सोडली आहे, त्यांनी ती कशी सोडली हे मला वृत्तपत्राच्या पत्त्यावर जरूर कळवावे. पत्रावर नाव नसले तरी चालेल, कितव्या महिन्यात सोडली तेवढे लिहावे.